ताजी बिअर आणि पहाटेचा परतीचा प्रवास

नेसरी, गडहिंग्लज, आजरा भागातील अनेक तरुण कंपनीच्या कामानिमित्त महिन्यातून एक-दोनदा पुण्यात मुक्कामाला असतात. दिवसभराच्या बैठका संपल्या की सहकारी म्हणतात, चला, इथली ताजी बिअर तरी चाखून बघू. तिथेच बिअर बनवून तिथेच विकणाऱ्या मायक्रोब्रुअरी आता मोठ्या शहरांत नव्या राहिलेल्या नाहीत. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ‘दूलाली’ ही राज्यातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. हे नाव आले आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या, डोके फिरलेल्या गोऱ्या सैनिकांसाठी इंग्रजीत हा शब्द रूढ झाला.

चवीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. सातूचे मोड आलेले दाणे, हॉप्सची फुले, यीस्ट आणि पाणी एवढ्याच साहित्यातून किती वेगवेगळे स्वाद निघतात! गव्हाच्या काही बिअरना केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळे असते ना लवंग, ती किमया यीस्टची. पण ‘ताजी’, ‘नैसर्गिक’, ‘न गाळलेली’ या शब्दांमुळे एक गैरसमज पसरतो. ही बिअर म्हणजे जणू दारू नव्हेच, असे अनेकांना वाटू लागते. यकृताला मात्र ताजे आणि शिळे यातला फरक कळत नाही. त्याला कळतात ते अल्कोहोलचे ग्रॅम.

हिशोब साधा आहे. पाच टक्के अल्कोहोल असलेल्या अर्धा लिटर बिअरमध्ये २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने असा एक ग्लास रिकाम्या पोटी भरभर घेतला, तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात अल्कोहोल सुमारे ४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. बायकांमध्ये आणि कमी वजनाच्या व्यक्तींमध्ये हे प्रमाण आणखी वाढते.

रात्री रिक्षाने किंवा टॅक्सीने हॉटेलवर परतण्याचे शहाणपण आता बऱ्याच जणांत आले आहे. खरा धोका त्यानंतरचा आहे आणि त्याची चर्चा होत नाही. शरीर रक्तातील अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने कमी करते. रात्री आठ ते अकरा या वेळात असे चार ग्लास घेतले, तर पहाटे पाचलाही रक्तातले प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या आसपास किंवा वर असू शकते. बिअर साडेसहा-सात टक्क्यांची असेल, तर ते मर्यादेच्या कितीतरी वर राहील. आणि नेमके पहाटे पाचलाच आपण निघतो. गर्दी लागण्याआधी खंबाटकी ओलांडायची आणि दुपारच्या आत गाव गाठायचे, हा आपला ठरलेला बेत.

चहा, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. उतारा एकच, वेळ. त्यात अल्कोहोलमुळे उत्तररात्रीची झोप मोडते, लघवीला जास्त होऊन शरीरातले पाणी घटते. म्हणजे चालक ‘झोप झाली’ असे समजून बसतो तो अर्धवट झोपेत आणि अर्धवट नशेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की मद्याचे कोणतेच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना कर्करोगकारक ठरवले ते १९८८ मध्येच. त्यामुळे जो पीत नाही त्याने ‘कामाचा भाग’ म्हणून सुरुवात करण्याचे कारण नाही, आणि सहकाऱ्यांनी त्याला आग्रह करू नये.

जे घेतात त्यांनी निदान दुसऱ्या दिवशीचा प्रवास आधी ठरवावा. स्वतः गाडी चालवायची असेल तर आदल्या रात्री बिअर नको. चार घोट घ्यायचेच असतील तर सकाळी एसटी किंवा रेल्वे. ब्रुअरींनी प्रत्येक बिअरपुढे किमतीइतक्याच ठळक अक्षरात टक्केवारी आणि ग्लासातले ग्रॅम छापावेत. आणि रात्रीच्या जेवणाचे बिल मंजूर करणाऱ्या कंपन्यांनी एक नियम करावा: ज्या बैठकीनंतर मेजवानी आहे, तिथून कर्मचाऱ्याने दुसऱ्या सकाळी स्वतः गाडी चालवत परतायचे नाही. पुणे ते नेसरी बसचे तिकीट त्या बिलापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.