आठ चाकांचा ट्रॅक्टर आणि आपलं पाच एकर वावर



गेल्या काही दिवसांत एकच व्हिडिओ मला पाच-सहा सभासदांनी पाठवला. आठ चाकांचा, मधातून वाकणारा भला मोठा ट्रॅक्टर आणि मागं धुऱ्याला न मावणारं पेरणी यंत्र. खाली लिहिलेलं, "आपल्याकडं असं कधी येईल?" त्यातच आपल्या अवजार बँकेसाठी "घ्याचा तर ७५ एचपीचाच घ्या" असा तरुण सभासदांचा आग्रह आहे. संचालक म्हणून माझं मत सांगतो. पटलं नाही तर आमसभेत उभं राहून बोला.

आधी तो ट्रॅक्टर समजून घेऊ. त्याची पुढची चाकं वळत नाहीत. पुढचा आणि मागचा भाग मधात जोडलेला असतो आणि हायड्रॉलिकच्या जोरावर अख्खा ट्रॅक्टरच वाकतो. सगळी चाकं सारखी, सगळ्यांना ताकद. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या स्टायगर या शेतकरी भावांनी १९५७-५८ च्या हिवाळ्यात आपल्या गोठ्यात असा ट्रॅक्टर जुळवला. काहून? तर त्यांच्या वावराला पुरेल असा ट्रॅक्टर बाजारात मिळत नव्हता. पुढं १९८६ मध्ये स्टायगर केस आयएचकडं गेली. कॅनडात व्हर्साटाइलनं १९६६ पासून असे ट्रॅक्टर काढले. आज जॉन डिअरचा एक ट्रॅक्टर ८३० एचपीचा आहे, वजन ३० टनांच्या पुढं. १९७७ चा बिग बड ७४७ तर कॅलिफोर्नियातल्या कापूसवाल्यांसाठी बनला. तसा एकच बनला.

आता आपल्याकडं या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकर. त्यांचं तास एकदा लागलं की लवकर वळत नाही. आपण दोन मिनिटांत दुसऱ्या धुऱ्यावर असतो. स्टायगर भावांनी आपलं वावर पाहून ट्रॅक्टर बनवला. आपण शोरूम पाहून घेतो. फरक इथंच आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती ओली असताना जड चाक फिरलं की खाली थर दाबून बसतो. टायर रुंद केला तर वरचा दाब कमी होतो, पण खोलवरचा दाब एक्सलवरच्या वजनावर ठरतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी आधीच मुरत नाही. त्यात तळ दाबला की पऱ्हाटीचं सोटमूळ अडतं आणि सोयाबीन पाण्यात उभं राहतं.

तिसरा हिशेब पैशाचा. समजा ट्रॅक्टर ८ लाखांचा, चालवला १० वर्षं. व्याज सोडलं तरी वर्षाला ८० हजार. पाच एकरावर तो वर्षात ५० तास चालला तर तासाला १,६०० रुपये पडले, डिझेल वेगळं. तोच ५०० तास चालला तर १६० रुपये. आणखी एक, १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम लागू आहेत. त्यामुळं ते इंजिन महाग आणि दुरुस्ती गावच्या मिस्त्रीच्या हातची राहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. पण स्वस्त झालं म्हणून गरज वाढत नाही.

मोठी ताकद कधीच लागत नाही, असं मी म्हणत नाही. कांस गवतानं पडीक पडलेली मध्य भारतातली जमीन मोकळी करायला सरकारनं १९४९ मध्ये जागतिक बँकेचं १ कोटी डॉलरचं कर्ज काढून मोठे साखळीचे ट्रॅक्टर आणले. पण ते कोण्या एका शेतकऱ्याच्या दारात उभे नव्हते. काम मोठं होतं, म्हणून यंत्र सामाईक होतं. हीच रीत आपल्याला परवडते.

माझं म्हणणं एवढंच :

१. कंपनीनं ५० एचपीच्या आतला एकच ट्रॅक्टर घ्यावा. उरलेल्या पैशात बीबीएफ पेरणी यंत्र, सबसॉयलर आणि मळणी यंत्र घ्यावं. काम अवजार करते, एचपी नाही.

२. सबसॉयलर एप्रिल-मे मध्ये, जमीन कोरडी असतानाच चालवावा. ओल्यात चालवला तर तळ फुटत नाही, नुसती चीर पडते.

३. पावसानंतर वितभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन चिकटत असेल तर ट्रॅक्टर धुऱ्यावरच उभा ठेवा. दोन दिवस थांबलेलं परवडतं, दाबलेली जमीन सुधारायला दोन-तीन हंगाम जातात.

४. पाच-सात एकरवाल्यानं कर्ज काढून स्वतःचा ट्रॅक्टर घेण्याआधी वर्षाचे तास कागदावर मांडावे आणि तो कागद बायकोला, पोरांना दाखवावा. हप्ता सगळ्या घराला फेडाचा असतो.

व्हिडिओ पाहा, मीही पाहतो. मजा येते. पण सही करताना आपलं वावर डोळ्यासमोर ठेवा.

आपलाच,
एक संचालक, शेगाव