स्पोर्ट टूरिंग बाईक: पेट्रोलचा खर्च छोटा, मग पैसे जातात कुठे?

मोठी बाईक सिग्नलला थांबली की शेजारच्या स्कूटरवरून हमखास प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न चुकीचा नाही, पण १०००-११०० सीसीच्या स्पोर्ट टूररच्या बाबतीत तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. खरा हिशेब वेगळ्याच खात्यांवर होतो. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि हे गणित आणखी बदललं. रील्स बघून "एक दिवस घेणारच" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

आधी समजून घ्या: स्पोर्ट टूरर म्हणजे नक्की काय?

स्पोर्ट्स बाईकचं ताकदवान इंजिन, पण बसायची पद्धत आरामशीर. हँडल थोडं उंच, वारा अडवणारी काच, मागे सामानाच्या पेट्या लावायची सोय. कावासाकीची निन्जा ११००एसएक्स हे याचं ठळक उदाहरण. दिवसाला ५००-६०० किमी कापूनही कंबर शाबूत राहावी, यासाठीच ही गाडी बनते.

जीएसटीने काय केलं?

पूर्वी ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के सेस, म्हणजे एकूण ३१ टक्के कर होता. आता थेट ४० टक्के आहे. ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर मात्र कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

समजा, करापूर्वी गाडीची किंमत १० लाख आहे. आधी ती शोरूममध्ये १३.१० लाखांना पडायची, आता १४ लाखांना. म्हणजे ९० हजार जास्त. महाराष्ट्रात २९९ सीसीच्या वरच्या पेट्रोल बाईकवर १२ टक्के रोड टॅक्स लागतो आणि तो या वाढलेल्या किमतीवर बसतो. त्यामुळे तिथेही १०,८०० रुपये वाढले. एकूण फटका लाखाच्या पुढे.

पण याच निर्णयाची दुसरी बाजू फारशी चर्चेत आली नाही. टायर आणि गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पूर्वी ३५ हजारांना मिळणारी टायरची जोडी, कंपनीने कपात पूर्ण दिली तर, साधारण ३२ हजारांना मिळायला हवी. थोडक्यात, गाडी घेणं महागलं आणि सांभाळणं किंचित स्वस्त झालं.

पाच वर्षांचा हिशेब

आपण १४ लाखांची (एक्स-शोरूम) बाईक, वर्षाला ८,००० किमी आणि पाच वर्षांत ४०,००० किमी असं धरू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये, ॲव्हरेज १८. सर्व्हिस, टायर आणि ओन डॅमेज विम्याचे आकडे अंदाजे धरलेले आहेत. तुमच्या शहरातले भाव टाकून ते बदलून घ्या.

- किंमत घसरणं: ७,००,००० रुपये
- कर्जाचं व्याज (१० लाख, ११ टक्के, ५ वर्षं): ३,०४,००० रुपये
- पेट्रोल: २,३१,००० रुपये
- रोड टॅक्स: १,६८,००० रुपये
- विमा: १,४३,००० रुपये
- सर्व्हिस आणि ऑइल: १,००,००० रुपये
- टायरचे तीन सेट: ९६,००० रुपये
- चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, बॅटरी: ४५,००० रुपये

एकूण १७,८७,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला जवळपास ४५ रुपये. त्यात पेट्रोलचा वाटा पावणेसहा रुपये. शंभर रुपयांतले तेराच पेट्रोल पंपावर जातात.

हे आकडे आले कुठून?

*किंमत घसरणं:* विम्यासाठी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवायचा एक तक्ता असतो. त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. बाजारात तुम्हाला कमी-जास्त भाव मिळेल, पण अंदाज बांधायला हा तक्ता चांगला. रोड टॅक्स आणि विम्याचे पैसे या किमतीत धरलेलेच नसतात, ते गेले ते गेलेच.

*विमा:* नव्या बाईकला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ च्या दरांनुसार ३५० सीसीच्या वर त्याचा प्रीमियम १५,११७ रुपये अधिक जीएसटी आणि १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये. मोठा खर्च ओन डॅमेज आणि झिरो डेप कव्हरचा असतो. तो इथे वर्षाला सरासरी २५ हजार धरला आहे. तो टाळू नका. या गाड्यांना सगळीकडून फेअरिंग असतं, त्यामुळे गाडी उभ्या उभ्या आडवी पडली तरी बिल मोठं येतं.

*टायर:* मागचा टायर १९० मिमी रुंद, मध्यभागी कडक आणि कडांना मऊ रबर. आपण हायवेवर सरळच जास्त चालवतो, त्यामुळे मधला भाग आधी सपाट होतो. साधारण १० हजार किमीला मागचा टायर बदलावा लागतो असं धरा.

*ई२० पेट्रोल:* यावर सोशल मीडियावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं म्हटलं होतं. आपल्या हिशेबात पाच वर्षांत हा फरक साधारण आठ हजारांचा. किंमत सात लाखांनी घसरते, त्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. मात्र इथेनॉल ओलावा शोषतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर टाकीकडे लक्ष हवं.

उभी गाडी सगळ्यात महाग

घसारा, व्याज, टॅक्स आणि विमा हे चार खर्च गाडी हलली नाही तरी होतात. त्यांची बेरीज १३.१५ लाख. तुम्ही वर्षाला ३,००० किमीच चालवली, तर पाच वर्षांत १५,००० किमी होतील आणि या चार खर्चांचेच किलोमीटरला सुमारे ८८ रुपये पडतील. पेट्रोल आणि सर्व्हिस वेगळं.

आणि चालवणार कुठे, हाही प्रश्न आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू या तिन्हींवर बाईकला बंदी आहे. चौपदरी हायवेवर दुचाकीसाठी २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार कमाल मर्यादा ताशी ८० किमी. म्हणजे ज्या ताकदीसाठी आपण ४० टक्के कर भरतो, तिचा बराचसा भाग कायद्याने वापरताच येत नाही. कोकणातला घाट आणि लांबचा प्रवास यांची मजा खरीच आहे, पण ती वर्षातून किती दिवस मिळते, हे प्रामाणिकपणे मोजा.

मग करायचं काय?

*पर्याय १, ३५० सीसीच्या आत राहा:* टीव्हीएस अपाची आरआर ३१० सारखी ३१२ सीसीची बाईक १८ टक्के करात बसते. थर्ड पार्टी विमा निम्म्याहून कमी, टायरही स्वस्त. रोड टॅक्स मात्र १२ टक्केच, कारण आरटीओची रेषा ३५० ला नसून २९९ ला आहे.

*पर्याय २, चार-पाच वर्षं जुनी घ्या:* निम्मी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. पण सर्व्हिस रेकॉर्ड बघा. टायरवरचा चार अंकी कोड वाचा, पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, ते तपासा. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसली तरी महाराष्ट्रात कायमची आणताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो धरूनच भाव करा.

*पर्याय ३, नवीच हवी असेल तर आधी तालीम करा:* वरच्या हिशेबात आधी खिशातून सहा लाखांच्या आसपास जातात. मग २१,७४२ रुपये ईएमआय, महिन्याला साधारण ८ हजार चालवण्याचा खर्च आणि विम्याचे २ हजार. म्हणजे दर महिन्याला जवळपास ३२ हजार. बुकिंगआधी सहा महिने एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून बघा. हेल्मेट आणि जॅकेटचा खर्च यात नाही, तोही लक्षात ठेवा.

सहा महिने घरखर्च न अडखळता ही रक्कम बाजूला पडली, तर गाडी तुम्हाला परवडते. दुसऱ्याच महिन्यात मित्राकडे उसने मागायची वेळ आली, तर ते आत्ताच कळलं हे बरं. साठलेले पैसे निदान तुमच्या खात्यात तरी राहतील.