पुढची तारीख कोण ठरवणार?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण प्रसंगच असा घडला की लिहिल्यावाचून राहवत नाही. आणि चूक माझीच असल्यामुळे ती मीच सांगितलेली बरी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पोराला सगळे येते, अशी गल्लीतल्या बायकांची समजूत. आईच्या बचत गटाचे वहीतले हिशेब संगणकावर आणायचे काम माझ्याकडे आले, आणि नव्याने शिकलेल्या पीएचपी व मायएसक्यूएलच्या जोरावर मी ते मोठ्या ऐटीत केले. कर्जाची तारीख भरली की पुढच्या दहा हप्त्यांच्या तारखा पडद्यावर हजर!

आईने ३१ जानेवारी २०२५ रोजी पाच हजारांचे कर्ज घेतले. पीएचपीला 'अधिक एक महिना' असे सांगितले की ते महिन्याचा आकडा तेवढा वाढवते. झाली ३१ फेब्रुवारी! अशी तारीखच नाही, म्हणून जास्तीचे तीन दिवस पुढे ढकलून त्याने ३ मार्च काढली. दुसरा हप्ता मात्र बरोबर ३१ मार्चला. म्हणजे फेब्रुवारी कोरडा आणि मार्चमध्ये दोन हप्ते. आईने महिनाअखेरीसाठी बाजूला ठेवलेले पाचशे रुपये 'अजून वेळ आहे' म्हणून किराणावाल्याला दिले. ३ मार्चला हात रिकामा. दहा रुपये दंड झाला. "कॉम्प्युटर खोटं कशाला सांगंल?" असे म्हणून तिने तो मुकाट्याने भरला. मला ते दहा रुपये फार महाग पडले.

गंमत अशी की हाच हिशेब मायएसक्यूएलला करायला सांगितला तर ते २८ फेब्रुवारी सांगते. दोन यंत्रे, दोन उत्तरे, आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर! तेव्हा 'एक महिना' म्हणजे काय, हे यंत्राने नव्हे, गटातल्या बायकांनी ठरवायला हवे होते. मी त्यांना विचारलेच नाही. चांद्रमास आणि सौरवर्ष जुळेना म्हणून अधिकमासाचा नियम करणारे आमचे पंचांगकर्ते माझ्यापेक्षा शहाणे. (मायएसक्यूएलही निर्धोक नाही. २८ फेब्रुवारीत पुन्हा महिना मिळवला तर २८ मार्च येते आणि मूळची ३१ तारीख कायमची हरवते. म्हणून मोजणी दर वेळी मूळ तारखेपासूनच करावी.)

माझे काही मित्र म्हणतात, मोजून काढता येते ते साठवायचे कशाला? हे मला पटत नाही. हप्त्याची तारीख हा दिलेला शब्द आहे. उद्या मी मोजणीचा नियम सुधारला, तर कालच्या कर्जदाराची तारीख त्याच्या नकळत बदलेल. सावकार वहीत खाडाखोड करी, ती निदान दिसत तरी होती! म्हणून ठरलेली तारीख त्याच दिवशी नोंदवून ठेवावी, आणि तीही तारखेच्याच रकान्यात. मी आधी ती अक्षरे म्हणून साठवली होती. अक्षरांच्या क्रमाने लावताना '०३-०३-२०२५' ही '२८-०२-२०२५'च्या आधी येऊन बसली. 'टाइमस्टँप' नावाचा रकानाही लांबच्या वायद्याला उपयोगाचा नाही. तो १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपतो. आज पंधरा वर्षांचे घरकर्ज घेणाऱ्याचे हप्ते त्याच्या पलीकडे जातात. साधा 'डेट' रकाना ९९९९ सालापर्यंत पुरतो.

असो. पुढच्या बैठकीत मी चूक कबूल केली आणि कोणता नियम ठेवायचा ते विचारले. वही सांभाळणाऱ्या मावशींनी जुनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. तीत कर्जाखाली एवढेच लिहिले होते : 'हप्ता दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी.'