बाईची पत्रं रद्दीत का?

पुढाऱ्याचं पत्र म्हणजे इतिहास आणि बाईचं पत्र म्हणजे रद्दी, असं आपणही मानत आलो. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांची (१८५४–१९३८) शिर्डीची रोजनिशी छापली गेली. १९११-१२ च्या त्या मुक्कामात सोबत असलेल्या लक्ष्मीबाई मात्र आपल्याला भेटतात त्या नवऱ्याच्या नोंदींतून.

अमेरिकेत ॲबिगेल ॲडम्सने ३१ मार्च १७७६ ला नवऱ्याला, जॉनला, कळवलं की नव्या कायद्यांत बायकांचाही विचार व्हावा. त्याने ते हसण्यावारी नेलं. पण पत्र जपलं गेलं, म्हणून तिची मागणी आज तिच्याच शब्दांत वाचता येते.

मैत्रिणींनो, अमरावती-अकोल्यातल्या जुन्या पेट्यांत आजीची पत्रं, हिशेबाच्या वह्या अजून असतील. रद्दीवाल्याच्या आधी आपण पोचू या.