खिडकीवरची पाटी

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक भगिनी मोबाईल हातात घेऊनच आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरगा टूम्ब रेडर नावाचा गेम मागतोय. मित्राकडून जुनी सीडी स्वस्तात मिळतेय म्हणे. ह्या एआयला विचारलं, तेरा वर्षांच्या मुलाला चालेल का? ते म्हणतं, चालेल. खरंच चालेल का हो?"

आम्ही उलट विचारले, "ताई, कोणता? १९९६ चा की २०१३ चा?"

ताईंना ते ठाऊक नव्हते. यंत्राने ते विचारलेच नव्हते. घोटाळा तिथेच होता. टूम्ब रेडर ह्याच नावाचा पहिला खेळ १९९६ साली इंग्लंडातील कोअर डिझाइनने काढला. त्याला अमेरिकेच्या ईएसआरबी मंडळाचा 'टी' शिक्का आहे, म्हणजे तेरा वर्षांपुढील मुलांसाठी. २०१३ साली त्याच नावाने निघालेल्या नव्या खेळाला 'एम' शिक्का आहे, म्हणजे सतरा वर्षांपुढील. नाव एक, खेळ दोन.

आता यंत्राला हे कळते कसे? एआय एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो, आणि ते फारसे चुकीचे नाही. आपल्या वतीने चार ठिकाणी चौकशी करून काम करून आणणारी ही प्रणाली. खेळांची माहिती तिला पाठ असतेच असे नाही. आयजीडीबीसारख्या मोठ्या नोंदवह्या आहेत, तिथे तिने विचारायचे असते. त्या विचारण्याच्या सोयीला 'टूल' म्हणतात. टूल आतून कसे चालते हे एजंटाला दिसत नाही. त्याला दिसते फक्त खिडकीवरची पाटी : टूलचे नाव, ते काय करते, अर्जात काय भरायचे. ही पाटी कशी लावावी याचा एक खुला नमुना अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. त्याचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल.

म्हणजे सगळी मदार पाटी लिहिणाऱ्यावर. आणि पाटी बहुधा घाईत लिहिली जाते. "गेम शोधतो." झाले! मग एजंट नाव टाकतो, पहिली नोंद उचलतो आणि मोकळा होतो.

आम्हाला लिहायला सांगितले असते तर आम्ही असे लिहिले असते : "नावावरून व्हिडिओ गेमची नोंद देते. एकाच नावाचे अनेक खेळ असू शकतात, म्हणून सर्व नोंदी सालासह येतील. साल ठाऊक नसेल तर आधी माणसाला विचारा. नोंद सापडली नाही तर उत्तर 'सापडली नाही' असे येईल. तेव्हा अंदाजाने सांगू नका. किंमत येथे मिळत नाही."

तारखेचीही गंमत आहे. आयजीडीबी खेळ निघाल्याची तारीख १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले अशा आकड्यात देते. पाटीवर तसे लिहिले नसेल तर त्या लांबलचक आकड्याचा काय अर्थ लावला जाईल ते सांगता येत नाही. शिवाय एका सेकंदात चारच विनंत्या चालतात. हेही लिहिलेले बरे, नाहीतर एजंट खिडकीवर धडका मारत बसतो.

पण आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कोऱ्या रकान्याची. ईएसआरबी १९९४ ची, युरोपची पेगी २००३ ची. १९९६ साली पेगी नव्हतीच, तेव्हा जुन्या खेळाच्या नोंदीत तिचा रकाना कोरा असू शकतो. कोरा म्हणजे "सर्वांना चालेल" नव्हे! कोरा म्हणजे नोंद नाही, एवढेच. हे वाक्य पाटीवर नसेल, तर यंत्र आईला बिनधास्त "हरकत नाही" म्हणून सांगेल, आणि आई विश्वास ठेवील. दिवसभर कामावर असणाऱ्या बाईने मुलाच्या मागे बसून खेळ तपासायचा तरी केव्हा? आणि शिक्का कोणत्या मंडळाचा तेही उत्तरात आले पाहिजे. पेगीचा आकडा सरळ वय सांगतो, पण ईएसआरबीचे अक्षर न समजावता दिले तर ताईंना काय कळणार?

ताईंना आम्ही प्रश्न पुन्हा विचारायला लावला, ह्या वेळी सालासकट आणि मंडळाच्या नावासकट. दोन्ही खेळांची उत्तरे वेगवेगळी आली. मग त्यांनी मुलाला मित्राकडून सीडीचा डबा आणायला सांगितला. डब्यावर साल होते २०१३ आणि खाली कोपऱ्यात पेगीचा आकडा, १८.

मुलगा दोन दिवस रुसला होता. आता तो १९९६ चा कुठे मिळतो याची चौकशी करतो आहे.