प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार कोणी द्यायचा?

नेमणूक होते, रुजू होण्याची तारीख ठरते; पण पहिला पगार हातात पडतो तेव्हा त्यातून आठ-पंधरा दिवस गळालेले असतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : 'ते प्रशिक्षणाचे दिवस होते.' कॉल सेंटर, मॉलमधील दुकाने, सुरक्षारक्षक पुरविणारे ठेकेदार अशा अनेक ठिकाणी नवागतांची ही तक्रार ऐकू येते. रक्कम फार मोठी नसते, म्हणून कोणी भांडत बसत नाही. पण लातूर किंवा जळगावहून पुण्या-मुंबईत आलेल्या तरुणाला खोलीची अनामत आणि खानावळीचे पैसे पहिल्याच दिवसापासून मोजावे लागतात. ज्याच्या गाठीशी महिनाभराची पुंजी नाही, त्याला विनावेतन प्रशिक्षण म्हणजे नोकरीच्या दारावरचा जकात नाकाच होय.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. नवा माणूस पहिल्या दिवसांत काही उत्पादन करीत नाही, उलट जुन्या माणसाचा वेळ खातो. शिकून झाले की तो शेजारच्या कंपनीत जातो, हीही तक्रार खरी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये 'वॉलिंग विरुद्ध पोर्टलंड टर्मिनल' या खटल्यात जवळपास हाच युक्तिवाद मान्य केला होता. रेल्वे यार्डात सात-आठ दिवस काम शिकणारे उमेदवार कोणाची जागा घेत नाहीत, कामाला हातभार लावण्याऐवजी कधी कधी खोळंबाच करतात. म्हणून ते किमान वेतनाच्या कायद्यापुरते कर्मचारी नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ते नेमणुकीपूर्वीचे उमेदवार होते. आधीच नेमलेल्या कर्मचाऱ्यांसाठी तेथील नियम कडक आहेत. प्रशिक्षण कामाच्या वेळेबाहेर असेल, ऐच्छिक असेल, त्याचा नोकरीतील कामाशी थेट संबंध नसेल आणि त्या वेळात दुसरे काम करून घेतले जात नसेल, या चारही अटी पुऱ्या झाल्या तरच तो वेळ बिनपगारी ठरतो. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने तर ऑक्टोबर २०२१ मध्ये, मालकाने सांगितलेले प्रशिक्षण नेहमीच्या जागेबाहेर आणि नेहमीच्या वेळेनंतर झाले तरी तो कामाचाच वेळ होय, असा निर्वाळा दिला.

आपल्याकडे काय? २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेतील 'कर्मचारी' या व्याख्येतून १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवार वगळले आहेत. पण त्या कायद्याने त्यांना विद्यावेतन देणे बंधनकारकच आहे. म्हणजे 'शिकाऊ' ठरला तर विद्यावेतन आणि 'कर्मचारी' ठरला तर वेतन. नेमणूक केलेला, पण दोहोंपैकी काहीच न मिळणारा असा तिसरा वर्ग कायद्याने निर्माण केलेला नाही. नेमणूकपत्रात केवळ 'ट्रेनी' असा शब्द घातल्याने तो निर्माण होतही नाही.

याच संहितेत आणखी एक तत्त्व आहे. रोजंदारीवरील माणूस कामावर हजर असून मालकाने काम न दिल्यामुळे त्याचे तास कमी भरले, तर त्याची त्या दिवसाची मजुरी कापता येत नाही. अर्थात, कायदा केवळ उत्पादनाचे नव्हे, तर मालकाच्या हवाली केलेल्या वेळेचेही मोल मानतो. कामाशिवाय बसवून ठेवलेल्या माणसाला मजुरी मिळत असेल, तर मालकाच्याच हुकमाने वर्गात बसलेल्याला ती का नाकारावी? सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाबाबत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार सुरक्षितता व आरोग्यासाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचे शुल्क कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. ते शुल्क रोख न घेता बिनपगारी दिवसांच्या रूपाने वसूल करणे, ही त्या तरतुदीला दिलेली बगलच म्हणावी लागेल.

अर्थशास्त्राचा कौलही मालकांच्या बाजूने नाही. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. कुठेही उपयोगी पडणारे सर्वसाधारण कौशल्य आणि एकाच संस्थेत कामाला येणारे ज्ञान. पहिल्याचा भार कमी वेतनाच्या रूपाने कर्मचारी उचलतो. दुसऱ्यात मात्र संस्थेलाच पैसे घालावे लागतात, कारण बाहेरच्या बाजारात त्याला किंमत नसते. नवागतांचे प्रारंभिक प्रशिक्षण बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात मोडते. अमुक कंपनीची संगणक प्रणाली, तिचे अर्ज, तिचे नियम, ग्राहकाशी बोलण्याची तिची ठरावीक वाक्ये शिकलेला माणूस शेजारच्या कंपनीत गेला तर ते तेथे फारसे चालत नाही. तेव्हा 'शिकून निघून जातात' हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो.

खर्चिक आणि सर्वसाधारण कौशल्याच्या प्रशिक्षणाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे मालकाला संरक्षण हवे, हे मान्य. आणि ते उपलब्धही आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तो वाद सार्वजनिक बँकेचा आणि मुख्यतः भरतीच्या खर्चाचा होता, त्यामुळे त्याचा सरसकट आधार घेता येणार नाही. पण वाजवी कराराचा मार्ग बंद नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. मात्र एका हाताने करारपत्रावर सही घ्यायची आणि दुसऱ्या हाताने प्रशिक्षणाचा पगारही कापायचा, ही दुहेरी वसुली न्याय्य नव्हे.

लहान गॅरेजवाल्याला किंवा उपाहारगृहाच्या मालकाला हा भार जड वाटेल. त्याने शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नोंदणी करून विद्यावेतनाचा मार्ग धरावा. तो त्यासाठीच आहे. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत प्रशिक्षणार्थींसाठी शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ व दहा हजार रुपयांचे विद्यावेतन ठरवले होते. शिकणाऱ्याच्या वेळेला किंमत असते, हे सरकारने तिजोरीतून पैसे देऊन मान्य केले असताना नफा कमावणाऱ्या आस्थापनांनी ते नाकारावे, हे विसंगत आहे.

नव्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्या पत्रावर रुजू होण्याची तारीख प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसाची असावी आणि पगार त्याच तारखेपासून मोजावा, एवढी साधी दक्षता कामगार खात्याच्या तपासणीत घेतली गेली तरी बराच गोंधळ मिटेल. नोकरी शोधणाऱ्यांनीही सही करण्यापूर्वी ती तारीख वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे. उमेदवार परतून जाण्याची शक्यता असेपर्यंतच प्रश्न विचारण्याला अर्थ असतो. पहिला पगार हातात आल्यावर विचारलेला प्रश्न बहुधा तक्रारच ठरते.