आज्याचा पुरावा आणि सरकारचा कोरा रकाना

खालापूर-कर्जतकडची आपली पोरं हल्ली कॉम्प्युटरवर वंशावळ मांडायला लागलीत. जात पडताळणीच्या निमित्तानं का होईना, मांडतात. ग्रॅम्प्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात माणूस, जन्म, लग्न, मरण, गाव सगळं भरायचं आणि मग चाळणी लावायची : १९६१ च्या आधी जन्मलेला, १९६१ नंतर मेलेला, आणि तरी ज्याच्यापुढं त्या सालच्या जनगणनेची नोंद नाही, असा माणूस दाखव. विलायतेत अशी चाळणी लावली की पाच-दहा नावं खाली पडतात. मग ते लोक कागद धुंडाळतात, नावाचं स्पेलिंग चुकलंय का बघतात, आणि कुठल्यातरी गल्लीत त्यांचा आजा सापडतो. तिथं शंभर वर्षं झाली की घराघराचा कागद खुला होतो. १९२१ चा २०२२ साली झाला. अमेरिकेत बहात्तर वर्षं, त्यांचा १९५० चा कागदही त्याच साली खुला झाला.

आपण चाळणी लावली की अख्खं खानदान खाली. वर कुणीच राहत नाही.

यात तुमच्या आजीचा दोष नाही, सॉफ्टवेअरचाही नाही. १९४८ चा जनगणना कायदा, कलम १५ : तुमच्या घराची नोंद कुणाला बघता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. बेरीज छापायची, माणूस गाडायचा. १९५१ पासून २०११ पर्यंत सात वेळा मोजली गेलेली म्हातारी एकदाही सिद्ध करू शकत नाही की मला मोजलं होतं.

आता गंमत बघा. हेच सरकार दुसऱ्या खिडकीत बसून विचारतं, पुरावा कुठाय? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. आणा आज्याचा शाळेचा दाखला! ज्याला शाळेच्या पडवीतसुद्धा बसू दिलं नाही, त्याचा दाखला. कातकऱ्याचा आजा कोळशाच्या भट्टीवर होता, भट्टीवाला काय दाखला देत होता? मग राहतं कोतवाल बुक, गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. ते मोडीत, वाळवीनं खाल्लेलं, आणि वाचून घ्यायचं तर त्याचे वेगळे पैसे. गावात कोण मेलं हे पंचक्रोशीत सांगत फिरायचं काम कुणाचं होतं? महाराचं. मयताचा सांगावा घेऊन अनवाणी पळणाऱ्याच्या नातवाला आज विचारतात, तुझा आजा जन्मला होता कशावरून? आणि पडताळणीच्या कायद्यात कलम ८ आहेच : सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची.

त्यांचं बरं आहे. त्यांचे कुलवृत्तांत छापील आहेत, पुठ्ठा बांधणीचे. तीर्थाच्या पंड्याच्या वहीत सात पिढ्या. त्या वहीत नाव लागायला आधी रामकुंडावर पाय टाकता आला पाहिजे ना! १९३० साली नाशकात आपली माणसं कुठं उभी होती ते सांगायला नको.

काही दोस्त म्हणतात, मग जनगणनेचे कागद खुले करा अशी मागणी करू. मला ती पटत नाही. घरनिहाय जात लिहिलेली यादी बाजारात आली तर पहिल्यांदा ती कोण वाचेल? दंगलीत घरं हुडकणारा वाचेल. कागद बंद राहू द्या. पण तुम्हीच कुलूप लावलंय तर किल्ली आमच्याकडं मागू नका, एवढं तरी ठणकावून सांगू या.

आणि सरकारला नावानिशी मोजता येत नाही असं कुणी सांगू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. चार दिवसांत यादी तयार : वाडीत २२८ माणसं. जिवंत १४४. प्रेतं २७. सापडली नाहीत ५७. २३ जुलैला शोध थांबवला. चाळणी लावली, आणि बरोबर लागली! डोंगर खाली आल्यावर वाडीतलं एकेक नाव सरकारला पाठ झालं. त्याच्या आधी? जनगणनेचं पुस्तक महसुली गावाचं. वाडीची माणसं गावाच्या बेरजेत विरघळलेली.

पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ ला ठरली आहे, संदर्भ १ मार्चचा. २०२१ ची झालीच नाही. फेब्रुवारीत कातकरी कुठं असतो? वीटभट्टीवर. दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलतो, पावसाच्या तोंडावर परततो. वाडीला कुडाचं दार ओढून घेतलेलं. मोजणारा मास्तर दार बंद बघून पुढं जाणार. नियमानं त्याला भट्टीवर मोजायला पाहिजे. पण भट्टीच्या झोपड्यांपर्यंत कोण जातो? आपण जायचं. तालुक्यातल्या भट्ट्यांची यादी आत्ताच करायची.

दुसरं दुखणं आपल्याच घरातलं. १९५६ ला बाबासाहेबांबरोबर आपण बौद्ध झालो, १९६१ ला अभिमानानं लिहिलं. महाराष्ट्रात बौद्ध २७ लाख ८९ हजार! पण तेव्हाच्या आदेशात बौद्ध अनुसूचित नव्हता. आपण धर्माच्या रकान्यात उभे राहिलो आणि जातीच्या बेरजेतून गळलो. राज्यात अनुसूचित जाती १९८१ ला ७ टक्के, १९९१ ला ११ टक्के. दहा वर्षांत काय महारवाड्यात पोरं पावसासारखी पडली? नाही. १९९० ला कायदा बदलला, गाळलेली माणसं परत धरली. तोवर राखीव जागा जुन्याच हिशोबावर. २००४ पर्यंत लोकसभेच्या ३ आणि विधानसभेच्या १८. २००९ ला ५ आणि २९. मधली माणसं कुठं होती? कोऱ्या रकान्यात.

आता ३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं जाहीर केलंय, सगळ्यांच्याच जाती मोजणार. वस्तीत वाद पेटलाय : धर्म बौद्ध लिहिल्यावर जात कशाला लिहायची? जात सोडायलाच तर नागपूरला गेलो होतो. तोंड कडू होतं, कबूल. तरी माझं मत साफ आहे. धर्म बौद्ध, जात यादीत आहे तीच, महार. नवबौद्ध हा शब्द यादीत नाही. नुसता तो लिहाल तर पुन्हा गळाल. ज्यांना जात मोडायची आहे त्यांनी ती मोजणाऱ्याच्या कागदावर लपवून मोडत नाही.

आणि वंशावळ मांडताय तर एक चाळणी आपल्या स्वतःला लावा. जिच्यापुढं आईचं नाव नाही अशी माणसं दाखव म्हणा. पडताळणीच्या वंशावळीत बाप, आजा, पणजा, नुसते पुरुष उभे. पणजी कुठल्या गावची, तिचं लग्नाआधीचं नाव काय, किती मेलेली पोरं तिनं पुरली, कुणाला ठाऊक नाही. इथं कलम १५ नाही, मामलेदार नाही, हा रकाना आपणच कोरा ठेवलाय. वस्तीत ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्या अजून आहेत. एकीचं टाळकं शाबूत आहे, दुसरीला सुना सोडून सगळं आठवतं. रविवारी वही घेऊन त्यांच्या पडवीत बसा. मोबाईलवर आवाज भरून घ्या, आणि सांगताना थांबल्या तर तारीख विचारू नका. कुठल्या दुष्काळात, कुठल्या पुरात, कुणाच्या लग्नात असं विचारा. साल नंतर लावता येतं.